गाडी रिकामी परत येत नाही

नाही, नाही, तिथून नको मॅडम — ढिगाची कड खरवडून पिशवीत भराल आणि मग तुमची प्रयोगशाळा सांगेल, माल कोरडा आहे. कडेचं खत म्हणजे पावाची कड हो, ती बघून आतला पाव कसा भाजलाय ते कळतं का? हे घ्या, माझं फावडं घ्या, दांडा गुळगुळीत आहे, हाताला फोड यायचे नाहीत. कोपरापर्यंत आत जायचं, आणि एका जागी नाही, दहा जागी — वरून, मधून, पलीकडच्या अंगानं — सगळं एका बादलीत कालवायचं आणि त्यातलं ओंजळभर न्यायचं. काय म्हणता, तुमच्या पुस्तकातही असंच लिहिलंय? मग लिहिणाऱ्यानं कधीतरी शेणात हात घातला असणार, माझा नमस्कार सांगा त्याला. पण आधी आत चला, दोन मिनिटं बसा. नमुना कुठं पळून जातोय? ढीग आहे तो, बैल नव्हे.

ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो — घाईत आलेल्या लोकांसाठी ठेवलीय ती — इकडं बसा, खिडकीपाशी. चहा? नको? तुमच्या खात्यातली माणसं चहाला का भितात मला कळत नाही, चहा म्हणजे लाच नव्हे हो, चहा म्हणजे चहा. बरं, पाणी तरी घ्या. आमच्याच विहिरीचं आहे, ढिगापासून एकशे वीस पावलांवर, मोजलेली पावलं, आणि माझी पावलं लांब पडतात. तीस वर्षं हेच पाणी पितोय आणि उभा आहे तुमच्यापुढं. ए मिशा, इंजिन बंद कर रे, मॅडमचं बोलणं ऐकू येत नाहीये! — आमचा ड्रायव्हर. ट्रॅक्टर सुरू ठेवला की त्याला वाटतं काम चाललंय. ती भरलेली ट्रॉली बघताय ना, ती दहाच्या आत रोपवाटिकेवर पोचायची आहे. तिथली बाई वाफे आखून बसलीय, टोमॅटो, घेवडा, भोपळी मिरची, हजारोंनी रोपं, आणि ती रोपं पुढं कुणाकुणाच्या रानात जाणार देव जाणे. तेव्हा तुमच्या हातातला तो लाल कागद जरा घडी करून ठेवा पर्समध्ये. मला माहीत आहे तो काय आहे ते. तो ढिगाला चिकटवला की तुमचा निकाल येईपर्यंत एक पाटीसुद्धा हलायची नाही. पण हलणार, मॅडम. आज ही ट्रॉली हलणार. मी शब्द दिलाय.

आता बोला. तक्रार आलीय. कुणाची, ते नका सांगू, तुमचा नियम असेल — मीच सांगतो. मास्तरची. बरोबर ना? बघा, तुम्ही कागदाकडं बघितलंत. मास्तर म्हणजे माझा वर्गमित्र, नंतर तो त्याच शाळेत शिकवायला लागला आणि मी शेण विकायला लागलो, दोघंही एकच काम करतो असं तो म्हणायचा — मुळापाशी टाकायचं आणि वाट बघायची. गोड बोलतो हो. निवृत्त झाल्यावर अर्धा एकर टोमॅटो लावतो आता. या हंगामात माझ्याच दोन ट्रॉल्या घातल्या त्यानं, आणि महिन्याभरात झाडांची पानं अशी झाली — ही बघा माझी मूठ, अशी, आत वळलेली — आणि शेंडे पिळलेले, फरशी पुसून पिळून टाकलेल्या फडक्यासारखे. आला बिचारा फांदी घेऊन, कागदात गुंडाळून, जशी पोराची उत्तरपत्रिका आणावी तशी. चहाच्या दुकानात आठ-दहा माणसं बसलेली. मी काय म्हटलं? म्हटलं, मास्तर, टोमॅटो फळ्यावर लिहून शिकत नाहीत, तुम्ही पाणी फार देता. सगळे हसले. तोही हसला. चष्मा काढून पुसला, परत घातला, फांदी कागदात गुंडाळली आणि गेला. मग? माणसानं एवढं मनाला लावून घ्यायचं? रोज संध्याकाळी इथं येऊन बुद्धिबळ खेळायचा माझ्याशी. तो पट तसाच आहे बघा त्या स्टुलावर, तीन आठवडे झाले, माझा उंट अडकलेला आहे आणि खेळी त्याची आहे. नाही आला. आणि आता कळलं का नाही आला — तुमच्याकडं कागद लिहीत बसला होता. नाचता येईना, अंगण वाकडं!

उठू नका, उठू नका, मी माल दाखवतो ना. ही सळई बघा. साधी लोखंडी सळई, माझ्या उंचीची, एका टोकाला वाकवलेली. हीच माझी प्रयोगशाळा. ज्या म्हाताऱ्या गाडीवानाकडून मी धंदा शिकलो त्यानं दिली — त्याला उजव्या हाताची दोनच बोटं होती, पण दोन बोटांत त्याला जेवढं कळायचं तेवढं दहात कुणाला कळलं नाही. ढिगात खुपसायची, एक चहा पिऊन होईपर्यंत ठेवायची, उपसायची आणि मुठीत धरायची. हात झटकन मागं आला — ढीग अजून शिजतोय, हात लावायचा नाही, गिऱ्हाईक रडलं तरी द्यायचा नाही. कोमट लागली — उलथापालथ करायची, पाणी शिंपडायचं, थांबायचं. आणि गार लागली, सावलीतल्या दगडासारखी, आणि वास आला तो गोठ्याचा नाही, झाडाखालच्या मातीचा — तर माल तयार. समोरचा ढीग आठ महिन्यांचा आहे. चार वेळा उलटलाय. वर झाकण, खाली पक्की फरशी, कडेनं चर, म्हणजे पाझर ओढ्यात जाणार नाही. सकाळपासून सळई ढिगातच होती, आत येताना उपसलीय, धरा — धरा हो, घाण नाही, पुसलीय. गार आहे ना? मग? कशानं जळतील रोपं? सांगा मला कशानं.

जळण्यावरून सांगतो. एक मिरचीवाला होता, नवा होता, हातात पैसा आणि पायात घाई. माझ्याकडं आला, म्हटला कोंबडखत हवं, ताजं, जितकं ताजं तितकं जोरदार. मी म्हटलं, ताजं दूध घे, ताजं कोंबडखत घेऊ नकोस, सहा महिने कुजू दे. तो गेला दुसऱ्याकडं. घातलं त्यानं, ताजं, रोपाच्या अगदी बुडाशी, हातभर थर. आठव्या दिवशी शेत असं दिसत होतं जसं कुणी त्यावर इस्त्री फिरवली. आला माझ्याकडं, म्हटला, अहो, फक्त थोडं जास्त झालं. मी म्हटलं, अति तिथं माती म्हणतात, तुझ्याकडं मातीसुद्धा उरली नाही! — तुम्ही हसत का नाही, मॅडम? या गोष्टीला सगळे हसतात.

तर मला शिकवू नका, एवढंच सांगायचंय. मी अशा लोकांना माल नाकारलाय जे तुम्हाला तुमच्या कचेरीत खुर्ची देतील. एकजण होता, बंगला, दोन गाड्या, त्याला ढीग विहिरीच्या कट्ट्याला टेकून हवा होता, कशाला, तर माणसाला चालायला नको. मी म्हटलं, माणसाला चालायला नको म्हणून शेणानं चालत विहिरीत जायचं का? ट्रॉली तशीच वळवली. उतारावर ओढ्याच्या काठाला टाकायचं नाही, आभाळ भरून आलंय तेव्हा पसरायचं नाही, पसरलं की त्याच दिवशी मातीत मिसळायचं, नाहीतर निम्मं वाऱ्याला आणि निम्मं माश्यांना. आणि जमिनीला जेवढं पचतं तेवढंच. माती आधी तपासून घ्या, मग या, असं मीच सांगतो लोकांना — मी, विकणारा! लोक म्हणतात हा वेडा आहे, स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारतो. पण त्या वेडेपणावर तीस वर्षं या फाटकातून माल गेलाय. आमचा माल म्हटला की लोक हुंगून बघत नाहीत. सळईसुद्धा कुणी मागत नाही. मास्तरनंसुद्धा नाही मागितली.

काय? कच्चा माल कुठून येतो? हां, हा प्रश्न आवडला. हा धंद्यातला प्रश्न आहे. तीन गोठे आहेत, पण या ढिगाचा माल एकाच गोठ्याचा, तिकडं पुलापलीकडचा, साठ गाई. आणि आता मी तुम्हाला माझी युक्ती सांगतो, लिहून घेतलीत तरी चालेल. बाकीचे खतवाले काय करतात? रिकामी ट्रॉली घेऊन गोठ्यावर जातात आणि भरून आणतात. एक फेरी फुकट! त्या गाडीवानानं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पोरा, गाडीचं एकच पाप असतं, रिकामं चालणं. तर माझी गाडी रिकामी जात नाही आणि रिकामी परत येत नाही. जाताना गाईंचा चारा नेते, येताना शेण आणते. गोठेवाल्याला चारा दारात, मला शेण दारात. चक्र! गोठेवाला चाक म्हणतो त्याला, मी चक्र म्हणतो. मागच्या वर्षी सगळीकडं चाऱ्याची बोंब झाली तेव्हा लोक झाडाचा पाला तोडत होते, आणि मी काय केलं? घोडेवाल्याकडं गेलो. वरच्या अंगाला तो घोडे पाळतो ना, त्याचं कुरण आहे, एवढं मोठं, आणि त्याचे निम्मे घोडे विकलेले, गवत पडून. सगळं उचललं. गासड्या बांधून एकशे दहा खेपा. साठ गाई वर्षभर त्या गवतावर जगल्या. आणि गवत तरी कसलं, मॅडम — मी शेवटच्या गासडीपर्यंत बघितलंय, त्यात रुंद पानाचं एक तण नव्हतं. एक पान नाही! नुसतं गवत, शेजारी शेजारी उभं, कवायतीला उभी राहिलेली पोरं जशी. मी घोडेवाल्याला विचारलंसुद्धा, अरे, हे एवढं स्वच्छ कसं, माणसं लावून निवडतोस की काय? तो म्हटला, कसली माणसं, औषध मारतो वर्षातून एकदा, रुंद पानाचं सगळं जळतं, गवताला काही होत नाही, घोड्याला काही हो —

काय लिहिलंत?

नाही, मी सहज विचारलं. एवढा वेळ वही मिटलेली होती तुमची. मी विहिरीचं सांगितलं तेव्हा नाही लिहिलंत, मिरचीवाल्याचं नाही लिहिलंत, आणि आता दोन ओळी? औषधाचं नाव? मला काय माहीत नाव, घोडेवाल्याला विचारा. पांढऱ्या डब्यात येतं. आणि त्याचा इथं काय संबंध, गवत गाईनं खाल्लं, गाईनं दूध दिलं, शेण दिलं, शेण आठ महिने कुजलं, चार वेळा उलटलं — एवढ्या वाटेनं जाऊन काय उरणार आहे त्या औषधाचं? माणूससुद्धा उरत नाही एवढ्या वाटेनं गेला तर! उरतं? गाईच्या पोटातून तसंच बाहेर येतं? कुजण्यातही जात नाही लवकर? हं. हे तुमची पुस्तकं म्हणतात. बरं.

त्या कुंड्या? त्या काही नाहीत. आमच्या घरातल्या बाईचे नाद. तिला रिकामा डबा दिसला की त्यात काहीतरी लावायचं असतं. तिकडं नका बघू, सळईकडं बघा. नाही, नाही, हात लावायला काही हरकत नाही, पण — बरं, बघा. बघा बाई. सहा आहेत. डावीकडच्या तिघींत आमच्या परसातली माती, उजवीकडच्या तिघींत ती माती आणि ढिगातलं खत, निम्मं निम्मं. चिठ्ठ्या लावल्यात, वाचा. घेवडा आहे. तिची आई म्हणायची म्हणे, नवी माती आणली की आधी घेवड्याला विचारावं, घेवडा खोटं बोलत नाही. सासूबाईंचा माझ्यावर कधी विश्वास बसला नाही, घेवड्यावर होता.

हो. डावीकडचे सरळ आहेत. मला दिसतं, मॅडम, मला मोतीबिंदू झालेला नाही. आणि उजवीकडचे — ऊन कमी पडलं असेल. पाणी जास्त — नाही, पाणी सगळ्यांना सारखंच घालते ती, वाटीनं मोजून, तिचा स्वभावच तसा आहे. मला कधी दिसले? रविवारी. रविवारी सकाळी. मी म्हटलं, खिडकीत ऊन फार लागतं, आणि त्या तीन कुंड्या उचलून मागच्या गोण्यांच्या आड ठेवल्या. उन्हासाठीच. आता तुम्ही म्हणाल, आत्ता तर म्हणालात ऊन कमी पडलं — तुम्ही काही म्हणत नाही, मीच म्हणतोय. हात दाखवून अवलक्षण. सोमवारी त्या परत खिडकीत होत्या. मंगळवारी मी परत आड ठेवल्या. आज पुन्हा खिडकीत. आणि या तीन दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही त्याबद्दल, नुसतं जेवायला वाढते आणि कुंड्या हलवते. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हे मला कळत नाही का? कळतं. पण तुम्ही मला सांगा, तीन कुंड्यांवरून तीस वर्षं पाण्यात घालायची? तीन घेवड्यांनी मान वाकडी केली म्हणून मी रोपवाटिकेच्या बाईला काय तोंड दाखवू? आणि मास्तरला काय — मास्तर तर तुमच्याकडंच आला ना! त्यानं आधी माझ्याकडं यायला नको होतं? हं? पन्नास वर्षांची ओळख. समोर येऊन भांडायचं, पट उधळून टाकायचा, दोन शिव्या द्यायच्या, मी चार दिल्या असत्या, संपलं असतं. पण नाही, मागून कागद! पाठीत! शिक्षक ना, चुका लाल शाईनं दाखवायची सवय, तोंडावर बोलायची हिंमत —

काय?

मास्तरची नाही?

मग कुणाची? नियम राहू द्या तुमचा, आता एवढं बोललो आपण — बरं, वाचायला नका देऊ, नुसती खालची सही — चष्मा कुठं गेला माझा, आत्ता इथं होता — हां.

सहीची गरज नाही. हे अक्षर मी ओळखतो. माझ्या प्रत्येक गोणीवर हेच अक्षर आहे. त्या चिठ्ठ्यांवर हेच आहे, बघा ना, शेजारी धरून बघा, मला दाखवू नका, मला पाठ आहे. तीस वर्षं माझा माल याच अक्षरात बाहेर गेलाय. 'मी स्वतः कुंड्यांत घेवडा लावून पाहिला आहे.' स्वतः. खाली रेघ मारलीय स्वतःच्या खाली. 'माझे पती प्रामाणिक आहेत परंतु ऐकत नाहीत.' परंतु! बोलताना कधी परंतु म्हटली नाही ती आयुष्यात. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मॅडम, कुणाला चावू?

थांबा. एक मिनिट थांबा, ते पाणी द्या इकडं.

तारीख काय आहे कागदावर? काल. मंगळवार. म्हणजे मी दुसऱ्यांदा कुंड्या आड ठेवल्या त्या दिवशी. म्हणजे एकदा तिनं सोडून दिलं मला. आणि कुंड्या लावल्या कधी ते सांगतो, मोजलंय मी, तीन आठवड्यांपूर्वी. मास्तर चष्मा पुसून गेला त्याच दिवशी संध्याकाळी. मी घरी येऊन तिला तो विनोद सांगितला होता, फळ्याचा. हसत सांगितला. ती हसली नाही, म्हटली, फांदी कुठाय? मी म्हटलं, घेऊन गेला. ती चप्पल घालून बाहेर पडली, मला वाटलं भाजी आणायला गेली. मास्तरकडं गेली असणार. परत आली आणि फुटके डबे शोधायला लागली.

नाही, मी रडत नाहीये, खताच्या धंद्यात डोळ्यातून पाणी येतं, अमोनिया म्हणतात त्याला, तुमच्या पुस्तकात बघा.

आता माझं ऐका, आणि वही उघडा, हे लिहा. लिहा, की ढीग उत्तम कुजलेला आहे. ते खरं आहे, ते मी खोडू देणार नाही. सळई गार आहे. पाझर नाही, माशी नाही, विहीर सुरक्षित आहे. आणि लिहा, की ढिगात जे आहे ते सळईला कळत नाही, नाकाला कळत नाही, बोटांना कळत नाही — दोन असोत की दहा. आणि ते कुणी आणलं? गोठेवाल्यानं नाही, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. घोडेवाल्यानं नाही, त्यानं मला तोंडानं सांगितलं होतं, औषध मारतो म्हणून, आणि मी काय ऐकलं? मी ऐकलं, गवत स्वच्छ आहे. एकशे दहा खेपा. माझ्या गाडीनं. रिकामी जाऊ नये म्हणून. हे असंच लिहा, माझ्या शब्दांत, 'असे समजते' वगैरे लावू नका. मी सांगतोय, मालक.

आणि तो लाल कागद द्या इकडं. द्या. तुम्ही लावायचा नाही. माझ्या ढिगाला बाहेरचं माणूस कागद लावणार नाही, मग ते कुठल्याही खात्याचं असो. मी लावतो. कुठली बाजू वर? ही? डिंक तरी बरा वापरत जा हो, सरकारी कागद पहिल्या वाऱ्यात उडतो, मी फळीवर खिळ्यानं ठोकतो. नमुना घ्या, दहा जागचा घ्या, कोपरापर्यंत. गवताच्या चार गासड्या अजून गोठ्यावर पडल्यात, त्यांचाही घ्या, आणि गोठेवाल्याला सांगा मी पाठवलं, आजपासून एक काडी गाईपुढं टाकू नकोस म्हणावं, दुसरा चारा मी आणून देतो. घोडेवाल्याला नावं ठेवू नका, पण डब्याचं नाव लिहून घ्या. काय म्हणालात? मक्याला चालतं? गवताला, मक्याला चालतं — फक्त टोमॅटो, घेवडा, वाटाणा, बटाटा यांना नाही? आणि मास्तरच्या जमिनीचं? सारखी नांगरायची, उलथायची, यंदा मका लावायचा, पुढच्या वर्षी पुन्हा कुंडीत घेवड्याला विचारायचं. बरं. म्हणजे जमीन मेलेली नाही. हे आधी सांगायचं ना! एवढा वेळ मला बोलू दिलंत आणि कामाचं शेवटी सांगता.

मिशा! ए मिशा! ट्रॉली मागं घे. मागं म्हणजे मागं, ढिगाकडं. खाली कर. हो, सगळी. रोपवाटिकेच्या बाईला मी फोन करतो, शिव्या मी खातो, तू फक्त खाली कर. झाडून घे नीट, कोपऱ्यातलं खराट्यानं काढ, एक ढेकूळ राहता कामा नये. मग नांगर जोड मागं — अरे, ट्रॉलीत टाक नांगर, तिथं गेल्यावर जोडू. कुठं म्हणजे? मास्तरच्या रानात. आणि मक्याचं बी — नाही, बी त्याला विचारून. आधी विचारायचं. मी येतोय.

तुम्ही काय बघताय? मला काही शरम वाटत नाहीये, गैरसमज नको. मी काही हात जोडून जाणार नाही त्याच्याकडं. जाऊन सांगणार, ऊठ मास्तर, खेळी तुझी आहे, तीन आठवडे माझा उंट अडकवून बसलास, लाज वाटत नाही? आणि मग म्हणणार — ते काय म्हणणार ते वाटेत बघू. त्या चहाच्या दुकानावरूनच रस्ता आहे. तिथं थांबणार. आठ-दहा माणसं असतीलच, ती कधी कमी होत नाहीत. फळ्याचा विनोद मी केला होता, आता दुसरा ऐका म्हणणार, हा माझ्यावर आहे.

आणि या उजवीकडच्या तीन कुंड्या मी घेऊन जातोय. त्याला दाखवायला. नको, तुम्ही नका उचलू, फुटके डबे आहेत, हाताला लागतील. तिला सांगा — मागच्या दारी असेल ती, ऐकतच असेल, ती कधी नसते ऐकत? — तिला सांगा कुंड्या परत येतील. आणि ‘परंतु ऐकत नाहीत’, ते खोड म्हणावं.

काय रे मिशा, दात का काढतोस? ट्रॉली रिकामी जाणार आज, तीस वर्षांत पहिल्यांदा? कोण म्हणतं रिकामी? नांगर आहे. तीन कुंड्या आहेत. आणि सरक, मी मागं बसतोय — मी काय रिकामा दिसतो तुला? चल, घाल गाडी. मॅडम, निघा तुम्ही आता, नमुना घेतलात की निघा. आणि फाटक ओढून घ्या जाताना, त्याला खिट्टी नाही, दगड लावावा लागतो.